मोटारगाडीच्या जाहिराती व त्यांतील अनुक्त पूर्वपक्ष

ताम्रपट, महजर, बखरी आणि पोथ्यांच्या पुष्पिका यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा वाचकांपुढें मोटारगाडीच्या जाहिरातींचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अस्थानीं वाटेल. परंतु साधनाची योग्यता त्याच्या वयावरून ठरत नसून त्यापासून काय निष्पन्न होतें यावरून ठरते. मोटारगाडीची जाहिरात आतां सव्वाशें वर्षांची झाली आहे. तिच्यांत काल, स्थल, मोल आणि कर्त्याचें नांव हीं बहुधा एकाच पानावर मिळतात. आपल्या किती पोथ्यांच्या पुष्पिका एवढें देतात, हें संग्राहकांस सांगावयास नकोच.

या विषयावर जें लिहिलें जातें त्यांत एक ठराविक मांडणी आढळते. आरंभींच्या जाहिराती माहिती देत, पुढें त्या भावना चेतवूं लागल्या, आणि दूरचित्रवाणी आल्यावर केवळ मनोरंजन तेवढें उरलें, अशी ती मांडणी. ती सुटसुटीत आहे, पण मूळ पानांशीं ताडून पाहिली असतां टिकत नाहीं. आमच्या मतें जाहिरात हा एक उत्तरपक्ष होय. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष आधीं मांडून मग त्याचें खंडन करतात. जाहिरातींत पूर्वपक्ष गाळलेला असतो व उत्तर तेवढें छापलेलें असतें. चार्वाकांचीं मतें त्यांच्या प्रतिपक्ष्यांनीं केलेल्या खंडनांतूनच बव्हंशीं आपणांस ठाऊक झालीं. तद्वत् त्या त्या काळीं मोटारगाडीविषयीं लोक काय कुरकुरत होते, हें जाहिरातीच्या उत्तरांतून काढतां येतें. जाहिरातदाराचा शब्द प्रमाण मानण्याची यांत गरज नाहीं. किंबहुना तो न मानल्यासच हें साधन उपयोगीं पडतें.

अमेरिकेंतील पहिली मोटार-जाहिरात म्हणून जिचा वारंवार उल्लेख होतो ती 'सायंटिफिक अमेरिकन' या साप्ताहिकाच्या ३० जुलै १८९८ च्या अंकांतील होय. ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरच्या विंटन मोटर कॅरेज कंपनीची ती आहे. घोड्यास निरोप द्या, असा तिच्या मथळ्याचा भावार्थ. खालीं मजकूर आहे तो असा, कीं घोडा बाळगण्याचा खर्च, निगा व काळजी वांचेल. मैलामागें सुमारें अर्धा सेंट पडेल. वेग ताशीं ३ पासून २० मैल. किंमत १,००० डॉलर. दलाल नाहींत, सूचिपत्र मागवावें. येथवर सगळी माहितीच दिसते. पण मध्येंच दोन अगदीं तुटक वाक्यें आहेत: वास नाहीं, हादरा नाहीं. जें प्रसक्त असतें त्याचाच प्रतिषेध होतो, हा न्याय येथें लावून पाहावा. १८९८ सालीं या गाड्यांस वास येत होता आणि त्या हादरत होत्या, याविषयीं दुसरा पुरावा एकहि नसता तरी ह्या दोन वाक्यांवरून तें सिद्ध झालें असतें. 'चालविण्यास सोपी' या शब्दांवरूनहि तेंच. आणि घोडा बाळगण्याच्या 'काळजी'चा उल्लेख ही माहिती कीं भावना? पहिल्याच जाहिरातींत दोन्ही एकत्र नांदत आहेत. तेव्हां एक जाऊन दुसरी आली हें म्हणणें तेथेंच लंगडें पडतें.

यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत कारखाने वाढले, वास व हादरा कमी झाले आणि आक्षेपांचें स्वरूप पालटलें. आतां प्रश्न मोटार कीं घोडा हा नसून ही मोटार कीं ती मोटार, असा झाला. 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'च्या २ जानेवारी १९१५ च्या अंकांत कॅडिलॅक कंपनीनें एक जाहिरात छापली. लेखक थिओडोर मॅकमॅनस. 'नेतृत्वाचा दंड' हें तिचें नांव. गाडीचें चित्र नाहीं, किंमत नाहीं, आणि चौकटींतील कंपनीचें नांव सोडल्यास मजकुरांत कॅडिलॅकचा उच्चारहि नाहीं. जो अग्रभागीं असतो त्याची निंदा व्हावयाचीच, आणि निंदकांचा गोंगाट विरून श्रेष्ठ तें मागें उरतें, एवढेंच तिचें प्रतिपादन. एखाद्या सुभाषितसंग्रहाच्या दुर्जनपद्धतींत हा मजकूर सहज खपून जाईल! ही केवळ शब्दसंपत्तीची हौस होती असें मात्र समजूं नये. कॅडिलॅकनें नुकतेंच आठ सिलिंडरांचें एंजिन बाजारांत आणलें होतें. त्यांत आरंभीं बिघाड निघाले, आणि पॅकार्ड कंपनीच्या बाजूनें त्याचा बोभाटा झाला. यंत्राविषयीं बोलावें तर बिघाडांची आठवण व्हावयाची. म्हणून यंत्र बाजूस ठेवून कीर्तीविषयीं बोलणें आलें. येथें वस्तूवरून लक्ष काढून घेण्यास एक विशिष्ट अडचण कारण झाली आहे. जाहिरातकलेची 'प्रगति' म्हणून हें पान दाखविणाऱ्यांनीं ही अडचण बहुधा सांगितलेली नसते.

दुसरें असेंच पान क्लीव्हलंडचेंच. एडवर्ड जॉर्डन यांची मोटार-कंपनी तेथें १९१६ ते १९३१ पर्यंत होती. जून १९२३ मध्यें 'पोस्ट' मासल्याच्या साप्ताहिकांत झळकलेली 'लॅरमीच्या पश्चिमेस कोठें तरी' ही त्यांच्या 'प्लेबॉय' गाडीची जाहिरात. वायोमिंगच्या माळरानावर एक धीट मुलगी गाडी दौडवीत आहे आणि एक घोडेस्वार तिच्याशीं शर्यत लावीत आहे, असें चित्र. मजकुरांत ना किंमत, ना अश्वशक्ति. ऊन, वारा, घोडदौड आणि मोकळें रान यांचेंच वर्णन. आगगाडींतून जातांना जॉर्डन यांनीं खिडकींतून एक स्वारी पाहिली, हें कोणतें ठिकाण म्हणून विचारलें आणि मिळालेलें उत्तर हाच मथळा झाला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी गोष्ट. जॉर्डनच्या गाड्या जुळविलेल्या होत्या: एंजिन कॉन्टिनेंटल कंपनीचें, इतर भागहि बहुतेक बाहेरून आणलेले. यंत्रांत 'आमचें' म्हणून सांगण्यासारखें थोडें असल्यामुळें स्वारीचा आनंद हाच काय तो स्वतःचा माल उरला. मॅकमॅनस यांस यंत्राविषयीं बोलणें गैरसोयीचें होतें, जॉर्डन यांस बोलण्याजोगें फारसें नव्हतें. परिणाम दोहोंकडे एकच झाला.

या पानांतील घोड्याकडे मात्र अंमळ लक्ष द्यावें. १८९८ सालीं क्लीव्हलंडनें ज्यास निरोप दिला तो पंचवीस वर्षांनीं क्लीव्हलंडच्याच जाहिरातींत परत आला. पूर्वीं तो खर्चाचा व काळजीचा विषय होता, आतां मोकळेपणाचें प्रतीक बनून आला. रस्त्यांवरून घोडा नाहींसा झाल्याशिवाय हें घडणें शक्य नव्हतें. पुढें १६ एप्रिल १९६४ च्या रात्रीं फोर्ड कंपनीनें अमेरिकेच्या तीनहि दूरचित्रवाणी-जाळ्यांवर एकाच वेळीं एका नव्या गाडीच्या जाहिराती दाखविल्या. त्या गाडीचें नांव 'मस्टँग', आणि तोंडावर चौखूर धांवणारा घोडा! अश्वमेधाचा घोडा वर्षानें परत येतो. या घोड्यास यावयास जरा अधिक काळ लागला.

जॉर्डनच्या पानास फार वर्षें लोटलीं नाहींत तोंच ही विद्या आपल्याकडेहि संघटित रूपानें आली. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें गाड्या जुळविण्याचा कारखाना घातला, आणि तिचें काम पाहणाऱ्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या अमेरिकन जाहिरातसंस्थेनें १९२९ सालीं मुंबईस कचेरी उघडली. देशी संस्था त्यापूर्वींहि होत्याच. तथापि परदेशी पद्धतीचा हा व्यवसाय मुंबईंत रुजला तो मोटारगाडीच्या पाठोपाठ, हें नमूद करून ठेवण्याजोगें आहे.

आतां ज्या जाहिरातीमुळें आम्ही हा लेख लिहिण्यास प्रवृत्त झालों तिच्याकडे वळूं. १९५८ सालीं डेव्हिड ओगिल्वी यांनीं रोल्स-रॉइस गाडीसाठीं लिहिलेला मथळा जाहिरातविषयक असंख्य पुस्तकांत उतरला आहे. ताशीं ६० मैल वेगानें जातांना या नव्या गाडींतील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा त्याचा अर्थ. वाक्य चोख आहे. पण तें नवें आहे काय? पोथ्यांप्रमाणें येथेंहि तीन पाठ उपलब्ध आहेत. त्यांस सोयीसाठीं क, ख, ग अशा संज्ञा देतों.

क पाठ १९०७ चा. लंडनच्या 'द ऑटोकार' या साप्ताहिकानें २० एप्रिल १९०७ रोजीं रोल्स-रॉइसच्या सहा सिलिंडरांच्या गाडीविषयीं लिहितांना म्हटलें, कीं वेग कितीहि असो, आठ दिवस चालणाऱ्या घड्याळाच्या आवाजाहून भरीव असा आवाज कानास उपद्रव देत नाहीं. ही जाहिरात नव्हे, परीक्षकाचा अभिप्राय होय. ख पाठ १९३३ चा, आणि तो एका प्रतिस्पर्धी गाडीचा: बफेलो येथील पिअर्स-ॲरो कंपनीच्या जाहिरातींत, नव्या गाडींत ऐकूं येणारा एकमेव आवाज म्हणजे विजेच्या घड्याळाची टिकटिक, असें म्हटलें आहे. ग पाठ ओगिल्वी यांचा.

वरवर पाहतां ग हा ख वरून उतरविला असा निकाल कोणीहि देईल. कारण 'विजेचें' हें विशेषण दोहोंत समान असून क मध्यें तें नाहीं. परंतु महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या निमित्तानें पाठचिकित्सेचीं तत्त्वें ज्यांनीं अभ्यासिलीं आहेत ते येथें थांबतील. दोन प्रतींचा वंशसंबंध समान शुद्ध पाठावरून सिद्ध होत नाहीं. समान अपपाठावरून होतो. १९०७ व १९३३ यांच्या दरम्यान गाडींतील घड्याळ किल्लीचें जाऊन विजेचें झालें; तेव्हां वस्तुस्थितीस धरून लिहिणारे दोघे स्वतंत्रपणें 'विजेचें'च लिहितील. शिवाय ग पाठ आपलें मूळ स्वतःच सांगतो. मथळ्याखालीं क्रमांक घातलेल्या तेरा गोष्टी आहेत आणि पहिलींतच हें वाक्य 'द मोटर' या इंग्रजी नियतकालिकाच्या तांत्रिक संपादकाचें म्हणून दिलें आहे. ओगिल्वी यांनीं त्यांत घातलें काय तर मथळ्याची जागा. क मधील 'वेग कितीहि असो' हें अत्युक्तीकडे झुकणारें होतें, ख मध्यें वेगाचा उल्लेखच नव्हता. ग मध्यें ६० हा आंकडा आहे. सामान्यतः उत्तरकालीन पाठ फुगलेला असतो. येथें तो अधिक नेमका झाला आहे. प्रक्षेप शोधणाऱ्यांनीं हा अपवाद ध्यानांत ठेवावा.

उरलेल्या बारा गोष्टींतहि भावनेचा गंध थोडा. तीन स्वतंत्र ब्रेक-योजना. हवी असल्यास कॉफीचें यंत्र, बिछाना, हात धुण्यास गरम व गार पाणी. किंमत १३,९९५ डॉलर. ज्यांस रोल्स-रॉइसमधून मिरवावयास संकोच वाटतो त्यांनीं बेंटली घ्यावी, तोंडावरची जाळी सोडल्यास दोहोंत भेद नाहीं, असेंहि सांगितलें आहे. या शेवटच्या वाक्यांत पूर्वपक्ष उघडा पडला: अमेरिकन धनिकास ही गाडी डौलाचें प्रदर्शन वाटत होती, चालविण्याजोगी वाटत नव्हती. ओगिल्वी यांनीं १९६३ सालच्या आपल्या पुस्तकांत एक गमतीची हकीगत दिली आहे. कारखान्याच्या मुख्य अभियंत्यानें मथळा वाचून खिन्नपणें मान हालविली आणि म्हटलें, कीं आतां त्या मेल्या घड्याळाचें कांहीं तरी केलें पाहिजे. पूर्वपक्ष कधीं संपत नाहीं तो असा.

दुसऱ्याच वर्षीं, १९५९ सालीं, फोक्सवॅगनची जाहिरातमाला सुरू झाली. न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबॅक या संस्थेंत ज्युलियन कोनिग यांनीं मजकूर व हेल्मुट क्रोन यांनीं पानाची योजना केली. बहुतेक पान कोरें, कोपऱ्यांत एक चिमुकली गाडी, आणि खालीं विचार लहान करण्याचा उपदेश. आजवरच्या जाहिराती आक्षेप गिळून उत्तर देत. हिनें आक्षेपच मथळ्याच्या जागीं बसविला. गाडी लहान आहे हें खरें, आणि म्हणूनच तिला पेट्रोल थोडें, टायर दीर्घायुषी, उभी करण्यास जागा लहान पुरते. १९६० सालच्या दुसऱ्या एका पानावर गाडीच्या चित्राखालीं एकच शब्द होता, ज्याचा अमेरिकन बोलींतील अर्थ 'फसवा, बिघडलेला माल'. मजकूर वाचल्यावर कळतें, कीं आंतल्या एका कप्प्यावरील धातूच्या पट्टीस डाग पडला म्हणून ती गाडी कारखान्यानेंच अडकवून ठेवली, आणि वोल्फ्सबुर्ग येथें असे डाग शोधण्यास ३,३८९ माणसें आहेत. शाळेंत व्याजस्तुति अलंकार शिकवितांना उदाहरणें शोधावीं लागत. हें पान हातीं असतें तर एका तासाचें काम पावघटकेंत झालें असतें.

तरीहि एक पूर्वपक्ष या मालेनें कोठेंच उघड केला नाहीं. ही गाडी १९३० नंतरच्या दशकांत हिटलरच्या राजवटींत, तिच्याच प्रोत्साहनानें जन्मलेली. महायुद्ध संपून पुरतीं पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. आणि ती अमेरिकेंत खपविणाऱ्या संस्थेचे बर्नबॅक हे स्वतः यहुदी. लहानपणा, कुरूपता, डाग हीं सर्व कबूल करणाऱ्या जाहिरातीनें जन्मकथेविषयीं मौन पाळलें. आमच्या मतें त्या क्षुद्र दोषांची मोकळी कबुली ही या मोठ्या मौनाची किंमत होती. अर्थात् हें अनुमान आहे, लेखी पुरावा नव्हे. १९९९ सालीं 'ॲडव्हर्टायझिंग एज' या पत्रानें विसाव्या शतकांतील जाहिरातमालांत हिलाच पहिला क्रमांक दिला.

हलत्या चित्रांच्या जाहिरातींविषयीं येथें थोडक्यांतच लिहितों, कारण तें साधन निराळ्या परीक्षेचें आहे. पण बनावट कागद ओळखण्याचा ज्यांस नाद आहे त्यांनीं १९९० सालचें व्होल्व्होचें प्रकरण अवश्य अभ्यासावें. अजस्र चाकांचा एक ट्रक ओळीनें उभ्या केलेल्या गाड्यांवरून जातो, सर्व चिरडतात, व्होल्व्हो मात्र तशीच उभी राहते, असें दृश्य. टेक्सास संस्थानच्या सरकारी चौकशींत निघालें तें असें, कीं व्होल्व्होच्या आंत टेकू भरले होते आणि शेजारच्या गाड्यांचे आधार आधींच कापून ठेवले होते. जाहिरात मागें घ्यावी लागली. केंद्रीय व्यापार-आयोगानें कंपनी व जाहिरातसंस्था या दोघांकडून प्रत्येकीं दीड लाख डॉलर वसूल केले. गंमत अशी, कीं व्होल्व्होच्या गाड्या बळकट असतात हा लौकिक मुळांत खराच होता. खऱ्या वतनासाठीं खोटी सनद करून वतन धोक्यांत घालणारे लोक आपल्याकडील कागदांतहि भेटतात.

होंडाच्या २००३ सालच्या दोन मिनिटांच्या चित्रांत गाडीचाच एक सुटा भाग दुसऱ्यास ढकलीत जातो. ६०६ वेळां प्रयत्न करून आणि दोन तुकडे जोडून तें तयार झालें असें सांगतात. त्याची कल्पना आपल्या १९८७ सालच्या चित्रपटावरून घेतली अशी तक्रार फिश्ली आणि वाइस या स्विस कलावंतांनीं केली होती. येथेंहि प्रश्न पाठपरंपरेचाच, फक्त मजकूर अक्षरांचा नाहीं.

शेवटचें उदाहरण घरचें आहे. टाटा मोटर्सनें जानेवारी २००८ मध्यें दिल्लीस नॅनो गाडी दाखविली. एक लाख रुपये हा आंकडा तिच्या नांवाला जणूं बिरुदासारखा चिकटला. मार्च २००९ मध्यें ती बाजारांत आली आणि २०१८ सालीं तिचें उत्पादन थांबलें. कारणें अनेक: सिंगूरहून साणंदला हलविलेला कारखाना, कांहीं गाड्यांस आग लागल्याचीं वृत्तें. पण 'सर्वांत स्वस्त' या शिक्क्यानें गाडीचें नुकसान केलें असें स्वतः रतन टाटा यांनीं पुढें सांगितलें. याच्या उलट फोर्डच्या टी गाडीची किंमत १९०८ सालीं ८५० डॉलर होती आणि १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरांवर आला. ही उतरती किंमतच तिची कीर्ति होती. एकच गुण एकीकडे स्तुति व दुसरीकडे निंदा कां ठरला? स्कूटरवरून चौघांचें कुटुंब धोक्यानें जातें, हा पूर्वपक्ष योजकांनीं धरला होता व तो खराच होता. ज्याच्या पदरीं गाडी पडावयाची त्याच्या मनांत मात्र दुसराच पूर्वपक्ष होता: शेजारी काय म्हणतील? फोर्डच्या गिऱ्हाइकाचा शेजारी अजून घोड्यावरून हिंडत होता. नॅनोच्या गिऱ्हाइकाच्या शेजाऱ्याच्या दारीं मोठी मोटार उभी होती.

हें सर्व ज्या पानांवरून काढावयाचें तीं पानें मात्र वेगानें नाहींशीं होत आहेत. नियतकालिकांचे वार्षिक खंड बांधतांना जाहिरातींचीं पानें निरुपयोगी म्हणून काढून टाकण्याची पद्धत अनेक ग्रंथालयांत होती. जुन्या मराठी मासिकांचे बांधीव खंड ज्यांनीं चाळले आहेत त्यांस अंकाचा आरंभ व शेवट एकाएकीं तुटलेला आढळला असेल. तो याचाच परिणाम. दुसरीकडे हौशी व्यापारी अंकांतून मोटारीचें रंगीत पान कापून, चौकटींत घालून विकतात. पोथींतील चित्रें सुटीं करून विकण्यासारखाच हा प्रकार होय. चित्र वांचतें, पण तें कोणत्या पत्रांत, कोणत्या तारखेस आणि कोणाच्या शेजारीं छापलें होतें हें जातें.

असें सुटें पान हातीं आल्यास संग्राहकांनीं त्याची मागील बाजू आधीं पाहावी. तेथें बहुधा एखाद्या गोष्टीचा शेवट, दुसऱ्या मालाची जाहिरात, पृष्ठांक किंवा समासांत पत्राचें नांव असतें, आणि कित्येक वेळां तेवढ्यावरून अंक ठरवितां येतो. चौकटींत बसविलेलें पान असल्यास पाठीमागील पुठ्ठा काढून तेवढें उतरून घ्यावें आणि मगच चौकट पुन्हा बंद करावी. पान मागें चिकटविलेलें असेल तर तें ओलें करून सोडविण्याचा प्रयत्न घरीं करूं नये. जुन्या गुळगुळीत कागदाचा लेप पाण्यानें सुटतो आणि त्याबरोबर मागची अक्षरेंहि जातात.